कार्ड कोरं नव्हतं

मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. आत बोलावलं, तर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. कागदात कापूस आणि कापसात नखाएवढं काळं मेमरी कार्ड.

"टीचर, ह्यात दादीचा आवाज आहे. स्टुडिओवाला म्हणतो, कार्ड गेलं."

त्याचं घर कौशाचं, जुनं कोकणी कुटुंब. दादीचा इंतकाल होऊन दीड वर्ष झालं. मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडी इथल्या जुन्या कोकणी घरांमध्ये लग्नाच्या आदल्या रात्री म्हाताऱ्या बायका आपल्या बोलीतली गाणी म्हणतात. ती कुठे छापलेली नसतात. म्हणणारी गेली की गाणं गेलं. ह्या दादीला ती पुष्कळ येत. एका चुलत बहिणीच्या हळदीला मोठ्या भावाने मोबाइलवर सगळी रात्र रेकॉर्ड केली होती. पुढे तो मोबाइल बिघडून भंगारात गेला, कार्ड तेवढं काढून ठेवलं होतं. आता ह्या मुलाच्या सख्ख्या बहिणीचा निकाह बारा दिवसांवर आला होता आणि तिची एकच मागणी होती, हळदीला दादीची गाणी लागली पाहिजेत.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरने कार्ड घातल्याबरोबर विचारलं, "डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता फॉरमॅट करायची का?" दुकानदार म्हणाला, "करप्ट झालंय. फॉरमॅट मारून देतो, निदान कार्ड वापरात येईल." त्याचा हात माउसवर होता. मुलाने कार्ड ओढून काढलं आणि म्हणाला, "आधी टीचरना विचारतो."

मला का विचारायचं होतं, ते त्याच्या वर्गातल्या सगळ्या मुलांना ठाऊक आहे. दरवर्षी कॉम्प्युटरचा विषय निघाला की मी त्यांना माझी एक चूक सांगते. आज तुम्हालाही सांगते.

२०१४ च्या रमजानमध्ये माझा भाऊ मस्कतहून आला होता. अब्बा तेव्हा थकले होते. आयुष्यभर उर्दू शिकवलेला माणूस, बोलायला बसला की शब्द मोजून वापरायचा. भावाने रोज रात्री थोडं थोडं त्यांना बोलतं केलं. त्यांचं लहानपण, कल्याणातली पहिली नोकरी, आमच्या आजोबांचं दुकान, आम्हा भावंडांची नावं कुणी आणि का ठेवली. हे सगळं त्याने नव्या फोनवर रेकॉर्ड केलं. ईदनंतर परत जाताना फोनमधलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "आपा, ही अमानत आहे. कॉपी करून ठेव."

मी ते कपाटात ठेवलं. त्या हिवाळ्यात अब्बा गेले. काही आठवड्यांनी, आवाज ऐकावासा वाटला म्हणून, मी कार्ड माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. तिचा अर्थ असा, की एसडी कार्ड कोरं आहे किंवा त्याची फाइल सिस्टिम ह्या फोनला चालत नाही. मी 'कोरं आहे' एवढंच वाचलं. 'किंवा'च्या पुढचं वाचलं नाही. मुलांना प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचायला शिकवणारी मी! वाटलं, काहीतरी अडकलंय, फॉरमॅट केलं की दिसेल. दाबलं. फोनने पुन्हा एकदा विचारलं, तरी दाबलं.

कार्ड रिकामं झालं. त्यानंतर शाळेचे क्रीडादिवस आले आणि मी तीन दिवस त्याच कार्डावर फोटो काढले. मग भावाचा फोन आला, "ऐकलंस का?"

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने पुष्कळ खटपट केली. काही फोटो परत आले. ईदच्या दस्तरख्वानाचे, एक अब्बांचा पाठमोरा. आवाज आला नाही. भावाला मी खरं ते सांगितलं. तो काहीच बोलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आता त्या मुलाच्या कार्डाकडे येते.

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये एक जुना कार्ड रीडर आहे, कॉम्प्युटरबरोबर कधीकाळी आलेला. आधी त्यातच घातलं. इथे फॉरमॅटचा प्रश्न आला नाही. ड्राइव्हचं चिन्ह दिसलं, पण त्यावर क्लिक केलं की मशीन म्हणे, "डिस्क घाला." म्हणजे कार्ड आत असूनही त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. मुलाचा चेहरा पडला. मी त्याला म्हटलं, "थांब. हा रीडर तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे."

आमच्या एका तरुण शिक्षिकेच्या पर्समध्ये नवा रीडर होता. तिच्या लॅपटॉपला लावून त्यात कार्ड घातलं आणि फोल्डर उघडला. तारखा, नावं, व्हिडिओ, सगळं जागच्या जागी. पहिलाच व्हिडिओ लावला. ढोलकी, बांगड्या, मागे कुकरची शिट्टी आणि सगळ्यांच्या वर एक खणखणीत म्हातारा आवाज. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "आता दादी खोकते आणि सगळे हसतात." आणि तसंच झालं.

एकच कार्ड. स्टुडिओत 'फॉरमॅट करू का', लॅबमध्ये 'डिस्क घाला' आणि तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक. असं का होतं, ते नीट समजून घेतलं तर पुढच्या वेळी आपला हात थांबेल.

पहिलं कारण: रीडर जुना

एसडी कार्डाची पद्धत १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि आज पॅनासॉनिक म्हणून ओळखली जाणारी मात्सुशिता ह्या तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केली. मूळ पद्धतीत कार्डं २ जीबीपर्यंतचीच. फोटो आणि व्हिडिओ वाढले तशी ही जागा कमी पडली. म्हणून २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी आलं, ३२ जीबीच्या वर थेट २ टीबीपर्यंत. मोबाइलमधलं छोटं मायक्रोएसडी ह्याच कुटुंबातलं आहे, फक्त अंगाने लहान. तेव्हा तुमच्या हातातलं ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड हे नेहमी एक्ससी असतं.

बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात आणि त्याच खाचेत बसतात. फरक आत आहे. जुन्या पद्धतीत कार्डातल्या प्रत्येक बाइटला वेगळा क्रमांक असे. जणू वस्तीतल्या प्रत्येक दाराला वेगळा नंबर. वस्ती वाढली तेव्हा नंबर पुरेनात. मग नव्या पद्धतीत एकेका दाराऐवजी ५१२ बाइटच्या एकेका इमारतीला नंबर दिला. जुन्या पोस्टमनला ही नवी पद्धत कुणी शिकवलेलीच नाही. पत्ता हातात असूनही तो दारापर्यंत पोहोचत नाही आणि पत्र परत घेऊन येतो. आमच्या लॅबमधल्या रीडरचं नेमकं हेच झालं.

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे. नवा रीडर जुनी कार्डं वाचतो, जुना रीडर नवी कार्डं वाचेलच असं नाही. कार्डावर एसडी ह्या खुणेखाली एचसी किंवा एक्ससी अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. रीडर घेताना त्याच्यावर किंवा खोक्यावर तीच अक्षरं शोधा. एक्ससी लिहिलेला रीडर घेतला तर तुमच्या घरातली सगळी एसडी कार्डं त्यात चालतील. काहीशे रुपयांचं काम आहे.

घरात फार जुना डिजिटल कॅमेरा असेल तर त्याचं कार्ड वेगळ्याच जातीचं असू शकतं. सोनीचं मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं एक्सडी. ती एसडीच्या खाचेत बसत नाहीत, जबरदस्ती करू नका. त्यांच्यासाठी अनेक खाचांचा रीडर लागतो. किंवा तो कॅमेराच त्याच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा.

दुसरं कारण: लिपी वेगळी

स्टुडिओत रीडरने कार्ड ओळखलं होतं. अडलं ते पुढे. कार्डावर माहिती कशी मांडायची ह्याची एक पद्धत ठरलेली असते, तिला फाइल सिस्टिम म्हणतात. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा फॅट-३२ असते. त्यापुढच्या एक्ससी कार्डांवर एक्सफॅट, ही मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. त्याआधीच्या विंडोज एक्सपीला ती मुळात येत नव्हती, मागाहून एक जोड टाकावी लागे. पुष्कळ जुन्या अँड्रॉइड फोनलाही ती येत नव्हती. कल्याण-डोंबिवलीकडच्या स्टुडिओंमधून व्हिडिओ मिक्सिंगचे जुने कॉम्प्युटर अजून दिसतात, कारण मालकाचा हात त्यावर बसलेला असतो. ते काम उत्तम करतात, पण एक्सफॅट त्यांना परकी.

मी शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही. ज्याला फक्त देवनागरी येते त्या मुलापुढे उर्दूचं पान ठेवलं तर तो म्हणतो, "टीचर, मला हे वाचता येत नाही." पान कोरं आहे असं तो म्हणत नाही. खोडरबर घेऊन पुसायला तर मुळीच बसत नाही. मशीनला एवढी समज नाही. वाचता आलं नाही की ते पुसायची परवानगी मागतं आणि ती परवानगी आपण देतो. माझ्या फोनने २०१४ मध्ये तेच केलं. अब्बांचा आवाज कार्डावर होता. फोनला त्याची लिपी येत नव्हती, इतकंच.

आधी काय तपासायचं

कार्ड दिसत नसेल तर घाबरू नका आणि पडद्यावरच्या कुठल्याही 'फॉरमॅट'ला 'नाही' म्हणा. मग ह्या क्रमाने पाहा.

एक, कार्ड बाहेर काढून त्याच्या मागचे पिवळे पट्टे कोरड्या मऊ कापडाने हलके पुसा. पाणी नको, थुंकी नको, खरवडणं नको.

दोन, मायक्रोएसडी ज्या मोठ्या कव्हरमध्ये, म्हणजे अडॅप्टरमध्ये घालतो, तो बदलून पाहा. कित्येकदा कार्ड धडधाकट असतं आणि अडॅप्टर सैल झालेला असतो. त्याच्या बाजूला एक लहान सरकती कळ असते. ती 'लॉक'कडे असेल तर कार्ड वाचता येतं, पण त्यावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. मौल्यवान कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालण्याआधी ती कळ मुद्दाम 'लॉक'कडे सरकवा. हात चुकला तरी बहुतेक वेळा कार्ड वाचतं.

तीन, रीडर बदला. चार, कॉम्प्युटर बदला, शक्यतो अलीकडचा. पाच, ज्या फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात ते रेकॉर्डिंग केलं होतं तो अजून चालत असेल तर कार्ड त्यातच घालून पाहा. जिथे लिहिलं गेलं तिथे वाचलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

एक अडचण मात्र रीडर बदलून सुटत नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड घालताना विचारलं जातं, की हे नेहमीचं कार्ड म्हणून वापरायचं की फोनच्या आतल्या साठ्याचा भाग म्हणून. दुसरा पर्याय निवडला तर फोन त्या कार्डाला कुलूप घालतो आणि किल्ली त्या एकाच फोनमध्ये राहते. दुसरा कुठलाही रीडर ते उघडू शकत नाही. असं कार्ड असेल तर तो फोन विकण्याआधी किंवा 'रीसेट' करण्याआधी सगळं बाहेर काढून घ्या.

आणि स्टेशनबाहेर, स्कायवॉकवर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या '१ टीबी' कार्डांपासून दूर राहा. त्यांतल्या बनावट कार्डांत आत खरी जागा आठ किंवा सोळा जीबीची असते, फक्त आकडा मोठा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की पुढचे फोटो नावापुरते दिसतात, उघडत नाहीत. इथे रीडरचा दोष नसतो. माहिती कधी लिहिलीच गेलेली नसते. नवं कार्ड आणलं की ते एकदा काठोकाठ भरा आणि शेवटची फाइल चालते का पाहा. लग्नाच्या दिवशी ही परीक्षा नको.

फॉरमॅट झालंच तर

तर त्याच क्षणी कार्ड बाहेर काढा. त्यावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका जाते, पानं बरीचशी तशीच राहतात. त्यांच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र ती कायमची गेली. माझं नुकसान फॉरमॅटने केलं त्याहून जास्त त्या तीन दिवसांच्या क्रीडाफोटोंनी केलं. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम अशा कार्डावरून फाइली शोधून काढतो. मिळालेल्या फाइली कॉम्प्युटरवर ठेवायच्या, त्याच कार्डावर परत नाही.

बायकांचे फोटो आणि दुकान

आपल्या घरांमधली एक अडचण मी जाणते. कार्डावर घरातल्या मुलीबाळींचे फोटो असतात आणि ते परक्या दुकानात द्यायला जीव धजत नाही. म्हणून कित्येक भगिनी दुकानात जाण्यापेक्षा घरीच 'फॉरमॅट' दाबून मोकळ्या होतात. संकोच चुकीचा नाही, उपाय चुकीचा आहे. नवा रीडर घरी आणला तर दहापैकी पुष्कळ वेळा दुकानाची गरजच पडत नाही. द्यावंच लागलं तर घरातलं कुणीतरी समोर बसून काम करून घ्यावं, कार्ड ठेवून येऊ नये.

ह्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. पुसलेलं परत येतं हा जसा दिलासा आहे तसाच धोकाही आहे. जुना फोन विकताना फोटो 'डिलीट' करून कार्ड आतच राहू दिलं तर घेणारा ते परत काढू शकतो. कार्ड कधीही फोनबरोबर देऊ नका. नको असेल तर कैचीने कापून टाका.

अमानत एका जागी नको

२६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या भागातल्या कित्येक घरांचे फोटोंचे अल्बम पाण्यात गेले. तेव्हा आपण म्हटलं होतं, आता सगळं मोबाइलमध्ये ठेवू. ठेवलं, पण पुन्हा एकाच जागी, आणि ती जागा पंधरा मिलिमीटर लांब आणि अकरा मिलिमीटर रुंद. मेमरी कार्ड हे सामान वाहून नेण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलं तर त्यातली साठवणही क्षीण होऊ शकते. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, बहिणीकडे, भावाकडे किंवा ऑनलाइन खात्यात. आणि प्रत्येक प्रत एकदा उघडून, ऐकून पाहावी.

त्या मुलाला आम्ही तेच करून दिलं. स्टाफरूमच्या लॅपटॉपवरून एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक त्याच्या बहिणीच्या नव्या फोनमध्ये. त्याच्या अम्मीला फोन करून सांगितलं, की तिसरी भिवंडीच्या मामूंकडे पाठवा. कार्ड पुन्हा कापसात गुंडाळलं. कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दादी. फॉरमॅट करू नये.'

हळदीला मला बोलावणं होतं. दादीचा आवाज स्पीकरवर लागला तेव्हा पहिलं कडवं कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याला कोपऱ्यातल्या एका वयस्क खालांनी सूर धरला आणि मग त्या रेकॉर्डिंगच्या पुढे गेल्या. त्यांना आणखी तीन कडवी येत होती, जी कार्डावर नव्हती. मुलाच्या बहिणीने मेंदीचे हात वर धरूनच ओरडून सांगितलं, "अरे, कुणीतरी मोबाइल चालू करा!"

ह्या रविवारी घरातला तो डबा काढा, ज्यात जुनी सिमकार्डं, किल्ल्या आणि मेमरी कार्डं एकत्र पडलेली असतात. एकेक कार्ड चांगल्या रीडरमध्ये घालून पाहा. जे उघडेल त्याची प्रत करा. जे उघडणार नाही ते पुसू नका, बाजूला ठेवा. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, ज्यांना जुनी गाणी, जुने किस्से येतात, तर आजच त्यांच्यासमोर बसा.

माझ्या भावाने मागच्या महिन्यात मस्कतहून विचारलं, "आपा, ते कार्ड अजून आहे तुझ्याकडे?" आहे. कपाटात आहे, रिकामंच. मी त्यावर पुन्हा कधी काही लिहिलं नाही.